सत्तेचाळीस नंबरचा संघर्ष

१

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, एका मोठ्या माणसाचा भूतकाळ नाहीसा झाल्याचं लक्षात आलं.

भूतकाळ निळ्या फाइलमध्ये होता. फाइल लोखंडी कपाटात होती. कपाटाची किल्ली अक्षदाच्या ताब्यात होती, म्हणजे कपाटावरच्या प्लास्टिकच्या गणपतीखाली होती, आणि हे ऑफिसातल्या चारही माणसांना ठाऊक होतं.

ऑफिसचं नाव 'शिखर ग्लोबल पब्लिकेशन्स'. ग्लोबल अशासाठी, की इथे तयार होणाऱ्या पुस्तकांतली माणसं इथे राहत नसत. सध्या काम चालू होतं 'मलावीचे शंभर शिल्पकार' या ग्रंथाचं. मलावी हा आफ्रिकेतला देश. तिथल्या शंभर बड्या उद्योगप्रमुखांच्या कारकिर्दी, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत. प्रत्येकाला दोन पानं. एकावर फोटो, दुसऱ्यावर तो पहिल्यापासूनच कसा थोर होता त्याचा तपशील. हे तपशील चामटोलीची अक्षदा लिहायची. तिनं मलावी कधी पाहिला नव्हता. ही कामाच्या दृष्टीनं जमेची बाजू आहे, असं मालकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मालक धर्मेश गायकर. वय बावन्न. त्यांच्या केबिनमध्ये त्यांचीच कारकीर्द फ्रेम करून लावलेली होती: लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण, प्रकाशनक्षेत्रात वीस वर्षांचा जागतिक अनुभव.

"सत्तेचाळीस नंबरची फाइल गेली?" धर्मेश म्हणाले. "ओरिजिनल पेपर्स आहेत त्यात! रविवारी सत्काराला क्लायंट स्वतः येतोय. त्याला काय देऊ, झेरॉक्स?"

"झेरॉक्सपण फाइलमध्येच होत्या, सर."

"मग ऐक. फाइल मिळेपर्यंत तुझं रिलिव्हिंग लेटर विसर."

ठाण्याच्या एका औषधकंपनीत तिला नोकरी लागली होती. तीन महिने, चार मुलाखती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि जुन्या कंपनीचं पत्र हातात नसेल तर येऊच नका, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

शोधाशोधीत गुरुवार जवळपास गेलाच. उरले दोन दिवस, शुक्रवार आणि शनिवार.

२

बदलापूर गावात हरिचंद्र वायले आपल्या ओट्यावर बसून लोकांचे पीएफचे फॉर्म भरून देत. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, ते टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीखात्यात, होते. त्या काळात त्यांनी हजारो अर्ज वाचले होते आणि माणसांविषयी त्यांचं जे मत झालं होतं ते सभ्य घरात बोलण्यासारखं नव्हतं. अक्षदाचे वडील सदू त्यांच्या ओळखीचे, म्हणून ती त्यांना काका म्हणायची.

"काका, चोरी झालीय."

"पोलिसांत जा."

"बायोडेटाची झालीय."

"मग बस," हरिचंद्र म्हणाले आणि पीएफचा फॉर्म बाजूला ठेवला.

अक्षदानं सांगितलं. सत्तेचाळीस नंबर म्हणजे अल्पेश मढवी. जन्म बदलापूर गाव. सध्या मलावीतल्या ब्लँटायर शहरात साबण आणि खाद्यतेल बनवणाऱ्या उद्योगसमूहाचे मॅनेजिंग डायरेक्टर. त्यांनी मूळ कागद पाठवले, तिनं ते वाचले, आणि त्यावरून लिहिलं: चौऱ्याण्णव साली एका केमिकल कंपनीच्या मुंबई हेड ऑफिसात थेट असिस्टंट मॅनेजर. दोन वर्षांनी ब्लँटायरला सासऱ्यांच्या कारखान्यात डायरेक्टर. सासरे वारल्यावर मॅनेजिंग डायरेक्टर.

"चोख आहे," हरिचंद्र म्हणाले. "एका ओळीत सगळं चरित्र. हे कोण छापणार?"

"तेच ना. मंगळवारी प्रूफ आलं तर माझं पान गायब. दुसराच मजकूर! मी काल, बुधवारी, धर्मेश सरांना म्हटलं, अपॉइंटमेंट लेटर या पानाच्या शेजारी ठेवून मी क्लायंटलाच विचारते. सर म्हणाले, बघू. आज सकाळी फाइल नाही."

"हेड ऑफिसचं म्हणालीस. कारखाना कुठला?"

"तुमचाच. अंबरनाथचा."

हरिचंद्रांनी चष्मा पुसला. हेड ऑफिसची माणसं वर्षातून एकदा कारखान्यात येत, तीही पायात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून.

"वाच काय छापलंय ते. मराठीत सांग."

अक्षदानं मोबाइल काढला. "ऐन विशीत ते अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरवर कंत्राटी हेल्पर होते. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सुट्टी मिळे. दुपारी भाकरी खाताना ते डावा हात पाण्यापासून जपत. याच हातानं त्यांना पुढे साम्राज्य उभारायचं होतं."

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं.

"शेवटचं वाक्य भंगार आहे," हरिचंद्र म्हणाले. "पण त्याच्या आधी जो कोणी लिहितोय ना पोरी, तो खोटं बोलत नाहीये."

३

शुक्रवारी हरिचंद्र कॅम्प पाचला आले. अक्षदाचे काका म्हणून आले, त्यामुळे कोणी उठलं नाही.

आधी राजसी. ती क्लायंट रिलेशन्स बघायची. मलावीतल्या शंभर माणसांशी ती रोज बोलायची आणि सगळ्यांना 'यू आर सच ॲन इन्स्पिरेशन' म्हणायची. त्यातल्या कोणाला हा उपरोध वाटला नव्हता.

"काका, आपला फॉरमॅट असतो," ती म्हणाली. "आधी स्ट्रगल, मग व्हिजन, मग फॅमिली, मग गोल्फ. स्ट्रगल नसेल तर क्लायंट नाराज होतो. म्हणतो, बाजूच्या पानावरचा माणूस सायकलवर अंडी विकत होता, मी काय घरी बसलो होतो?"

"सायकलवाले किती झाले?"

"एकतीस."

"अंडी?"

"नऊ. बाकी मीठ, कांदे, जुने कपडे. एक जण बायबल." तिनं खांदे उडवले. "खरं असेल पण काहींचं. आपल्याला काय माहीत?"

"सत्तेचाळीसचा स्ट्रगल कोणी लिहिला?"

"ऑफिसच्या फोनवरून व्हॉट्सॲपला आला. तो फोन टेबलावरच पडलेला असतो, सगळेच वापरतात. मी इंग्लिश केलं आणि शेवटचं साम्राज्याचं माझं. छान आहे ना?"

"बॉयलर पाहिलाय कधी?"

"गीझरच ना मोठा?"

हरिचंद्रांनी तिचं नाव मनातल्या मनात खोडलं.

मग सम्यक. हा पानं मांडायचा. कानात इअरफोन, त्यातला एक त्यानं मोठ्या मनानं काढला.

"मी वाचत नाही, काका. मी अलाइन करतो."

"बॉयलरवरच्या हेल्परला सुट्टी कोणत्या वारी?"

"शुक्रवारी," सम्यक पटकन म्हणाला. "अंबरनाथला कंपन्यांना शुक्रवारच. पप्पा परमनंट होते ना तिथे. आमच्या घरी मटण रविवारी नाही, शुक्रवारी."

अक्षदानं हरिचंद्रांकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. सम्यक तिला रोज डब्यातलं लोणचं द्यायचा.

"आणि जेवताना डावा हात पाण्यापासून का जपायचा?"

सम्यकनं विचार केला. "मशीनमध्ये गेला असेल. पट्टी असेल."

शेवटी धर्मेश. केबिनमध्ये समोसे मागवले होते. त्यांनी हरिचंद्रांना एक दिला आणि स्वतः तीन खाल्ले.

"काका, तुम्ही कोण? सीआयडी?"

"टाइम ऑफिसवाला. रिटायर."

"अरे वा. मग तर आमच्यासारख्या लेट लतिफांना तुमची भीतीच," धर्मेश हसले. उठून कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले. डावा हात पाठीमागे धरून, पंगतीत वाढणाऱ्या यजमानासारखे किंचित वाकून, त्यांनी उजवा हात साबणानं धुतला आणि रुमालाला पुसला. "बघा, पोरगी हुशार आहे. माझा तिच्यावर राग नाही. पण फाइल म्हणजे विश्वास! युगांडाचं पुस्तक येतंय माझं. शंभर माणसं. विश्वास गेला तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"लंडनला कुठे होतात?" हरिचंद्रांनी फ्रेमकडे बघत विचारलं.

"लंडनलाच," धर्मेश म्हणाले. "बाकी काय, गणपतीखाली किल्ली ठेवणाऱ्या मुलीला विचारा. फाइल तिनंच नेलीय."

जिन्यात अक्षदाचे डोळे भरून आले. "काका, त्यांनी पोलिसांत दिलं तर?"

"नाही देणार," हरिचंद्र म्हणाले. "उद्या तुझ्या सत्तेचाळीस नंबरला भेटू. मला त्याला एकच वार विचारायचाय."

४

अल्पेश मढवी शुक्रवारीच बदलापूर गावात भावाच्या बंगल्यावर उतरले होते. बंगल्याला बाहेरून ग्रॅनाइट लावलेला होता. आतही ग्रॅनाइट होता. शनिवारी सकाळी ते सोफ्यावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर त्यांच्याच पानाचं प्रूफ होतं.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी अक्षदाला विचारलं. "बेटा, वाचताना मी रडलो. बायको म्हणाली, तुम्ही हे कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, काही गोष्टी पुरुष बोलत नाही."

"पण साहेब," अक्षदा म्हणाली, "तुमचं लेटर मी वाचलंय. तुम्ही हेड ऑफिसला होतात. मुंबईत."

"होतोच ना. असिस्टंट मॅनेजर. तिसऱ्या मजल्यावर माझं केबिन."

"मग बॉयलरवर कधी होतात?"

अल्पेशनी हात हवेत फिरवला. "त्याच काळात. मनानं."

हरिचंद्रांनी घसा खाकरला. "कारखान्याला सुट्टी कोणत्या वारी असायची साहेब?"

"रविवारी. आणखी कधी?"

"आणि डावा हात पाण्यापासून का जपायचात?"

अल्पेशनी आपला डावा हात वर केला. त्यात दोन अंगठ्या होत्या. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, शोरूममधल्या वस्तूसारखा.

"कष्टाचा हात आहे हा," ते जड आवाजात म्हणाले. "जपायलाच हवा."

"हा मजकूर घाला असं तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? पीडीएफ पाहिली, शेजारी तो तंबाखूवाला, अंडी विकत होता म्हणे. माझं पान बारीक वाटलं. ऑफिसला फोन केला, जो कोणी उचलला त्याला म्हटलं, जरा उंची द्या. तर यांनी माझं आयुष्यच शोधून काढलं! आणि ते लेटर परत द्या हां मला. फ्रेम करायचंय. भाषणात दाखवणार आहे."

बाहेर आल्यावर अक्षदानं कपाळाला हात लावला. "ते लेटर आणि ते पान, दोन्ही दाखवणार?"

"दाखवेल. त्याला त्यात काही विसंगत दिसतच नाही. म्हणून तो चोर नाही." हरिचंद्रांनी रिक्षाला हात केला. "चल. अकरा वाजले. तुझ्या मालकाकडे लेटरहेड शिल्लक आहेत का, ते बघू."

अक्षदा रस्त्यातच थांबली. "मालक? स्वतःची फाइल स्वतः चोरतील?"

५

अक्षदाला आत घेऊन हरिचंद्रांनी केबिनचं दार आतून लावलं.

"हे काय?" धर्मेश म्हणाले.

"तुमचीच इज्जत. बाहेर दोघं बसलेत." हरिचंद्र खुर्चीत बसले. "फाइलमध्ये चोरण्यासारखं एकच होतं. अपॉइंटमेंट लेटर. तेही कधी चोरण्यासारखं? तर ते पान शेजारी ठेवलं तर. म्हणजे ज्यानं पान लिहिलं त्यालाच ते नको होतं. ते शेजारी ठेवणार असं अक्षदानं एकाच माणसाला सांगितलं. बुधवारी. तुम्हाला."

"मला सांगितलं म्हणून मी चोर? पॅरा कोणीही लिहिला असेल."

"कोणीही नाही. राजसीला बॉयलर म्हणजे गीझर वाटतो. अल्पेश मढवींना कारखान्याची सुट्टी रविवारी वाटते, कारण त्यांनी कारखाना बाहेरूनच पाहिलाय. सम्यकला शुक्रवार माहीत आहे."

"मग सम्यकला विचारा ना!"

"विचारलं. डाव्या हाताचं त्याला माहीत नाही. त्याचे वडील परमनंट. परमनंट माणसाला पितळी बिल्ला असे. कंत्राटी माणसाला बिल्ला द्यायचा नाही, असा साहेबांचा हुकूम. बिल्ला दिला तर तो कामगार ठरतो. म्हणून गेटवर त्याच्या डाव्या मनगटावर जांभळा शिक्का मारायचे. सुटताना शिक्का दिसला तर हजेरी. पुसला गेला तर तो माणूस त्या दिवशी आलाच नव्हता."

अक्षदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बॉयलरवर घाम. शिक्का कच्च्या शाईचा. मग ही पोरं दिवसभर डाव्या हाताला पाणी लागू द्यायची नाहीत. जेवायला बसली तरी एकच हात धुणार. परमनंटचं कँटीन निराळं, त्यांनी हे कधी पाहिलं नाही. मॅनेजर लोकांना तर कामगाराला हात असतात एवढीच माहिती. हे माहीत कोणाला? एक, ज्याच्या मनगटावर शिक्का होता त्याला. आणि दोन, जो मारायचा त्याला."

"तुम्हाला कसं माहीत मग?" धर्मेशचा आवाज खाली आला होता.

"मी मारायचो."

पंखा फिरत होता. धर्मेश आपल्या डाव्या हाताकडे बघत होते, आणि बघतोय हे कळल्यावर त्यांनी तो टेबलाखाली घेतला.

"काल समोसे खाऊन तुम्ही एकच हात धुतलात," हरिचंद्र म्हणाले. "तीस वर्षं झाली. सवय लंडनलासुद्धा सुटली नाही वाटतं."

"तुमीच ते?" धर्मेश म्हणाले. आवाजातलं लंडन एका दमात उतरलं. "जाड चष्मेवाले? तोंडावर कधी बघितला नाय तुमी आमच्या."

"नाही बघितलं. रोज साठ मनगटं असायची. वर बघायला वेळ नव्हता." हरिचंद्र थांबले. "वेळ होता. गरज वाटली नाही."

मग धर्मेश स्वतःच बोलू लागले, जसं काही मुलाखत चालू आहे.

"सत्तेचाळिसाव्या माणसापर्यंत स्ट्रगल संपला होता. सायकली झाल्या, अंडी झाली, अनवाणी शाळा झाली. हा फोनवर म्हणतो, उंची द्या. कुठून देऊ? मग म्हटलं, माझा एक पडून आहे. दिला."

"स्वतःच्या फ्रेममध्ये का नाही घातला?"

"मला कोण काम देईल मग?" धर्मेश चिडून म्हणाले. "मोठा माणूस गरीब होता हे लोकांना आवडतं, काका. छोटा माणूस गरीब होता यात काय कौतुक? मी अजून छोटाय. मला लंडनच पायजे."

"आणि माझं लेटर?" अक्षदानं विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली. "पान वाचवायचं होतं तर नुसती फाइल लपवायची. आळ माझ्यावर का घातलात?"

धर्मेशनी खिडकीबाहेर पाहिलं. "युगांडाची शंभर माणसं कोण लिहिणार? मी? उद्या फाइल मिळाली असती. लेटरला महिना लावला असता. ठाण्याची नोकरी गेली असती, तू राहिली असतीस. पगार वाढवणार होतो मी तुझा."

"मला विचारायचं तरी."

"विचारून कोण थांबतं?"

मलावीतल्या शंभर आणि कॅम्प पाचमधल्या एका उद्योगप्रमुखाच्या व्यवस्थापनकौशल्याचा हा सारांश होता.

"फाइल कुठाय?" हरिचंद्रांनी विचारलं.

"गाडीत. स्टेपनीखाली." धर्मेशनी किल्ली टेबलावर सरकवली. "ओरिजिनल आहेत, फाडणार होतो काय? पण पान तसंच राहील. क्लायंटला आवडलंय."

"राहू दे. त्याच्याकडे दुसरं काही नाही. आता पत्र. नाहीतर ही भिंतीवरची फ्रेम मी खाली उतरवून बाहेरच्या दोघांना वाचून दाखवतो, माझ्या आठवणींसकट."

"लिही," धर्मेश अक्षदाला म्हणाले. "तसंही इथे सगळं तूच लिहितेस. सही करतो."

अक्षदा जाऊन बसली. तीन वर्षं तिनं शंभर माणसांना थोर केलं होतं. पाच मिनिटांनी तिनं कागद आणून ठेवला. त्यात लिहिलं होतं की अक्षदा सदू शिंगोळे यांनी या कार्यालयात तीन वर्षं दोन महिने लेखनाचं काम केलं आणि आजपासून त्या मोकळ्या आहेत.

धर्मेशनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता. "एवढंच? डायनॅमिक वगैरे घाल ना. माझ्या लेटरहेडची लाज जाईल."

"सही करा सर."

त्यांनी सही केली.

६

सोमवारी ठाण्यात, औषधकंपनीच्या एचआर विभागात, करिष्मा नावाच्या मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग उजेडात धरून पाहिला.

"बस एवढंच आहे? पुढचं पान राहिलं का?"

"नाही मॅडम. एवढंच."

"लोक तीन-तीन पानं आणतात. लीडरशिप, अवॉर्ड्स..." करिष्माच्या कपाळावर आठी आली. "खरं लेटर आहे ना हे? काही भांडण वगैरे झालंय का तिथे? मला व्हेरिफाय करावं लागेल हां."

तिनं लेटरहेडवरचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. अक्षदानं पर्सचा पट्टा घट्ट धरला. तिकडे रिंग वाजत होती. ती नोकरी आता ज्याच्या तोंडात होती, त्याला दोन दिवसांपूर्वीच आपलं पितळ उघडं पडल्याचा अनुभव आला होता.

"हॅलो, शिखर ग्लोबल," धर्मेशचा लंडनचा आवाज आला.

करिष्मानं विचारलं.

"अक्षदा?" आवाज म्हणाला. "मॅडम, तिच्याविषयी काय सांगू! आमचा संपूर्ण आफ्रिका डेस्क तिच्या खांद्यावर होता. चाळीस माणसांची टीम हँडल करायची. लहान वयात प्रचंड संघर्ष. शाळेत जायला पायात चप्पल नाही..."

"ओह," करिष्माचा चेहरा खुलला. "थँक यू सो मच, सर." तिनं फोन ठेवला आणि फॉर्म पुढे ओढला. "बघ, हे लिहायचं ना! इतकं मॉडेस्ट राहून कसं चालेल? टीम साइज, चाळीस."

"चार, मॅडम," अक्षदा म्हणाली. "आम्ही चार जण होतो. मालक धरून. आणि चप्पल होती."

करिष्मानं मान वर केली. पेन थांबलं होतं. नोकरी तिथे, त्या निबच्या टोकाशी, दोन-तीन सेकंद उभी होती.

"बघ," करिष्मा म्हणाली, "चार जणांच्या टीमला माझ्याकडे ग्रेडच नाही. पंचवीसच्या खाली मी घेऊच शकत नाही कोणाला. आणि मालकांनी स्वतः सांगितलंय. ते खोटं कशाला बोलतील?"

अक्षदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

करिष्मानं शिक्का मारला आणि म्हणाली, "तिसरा मजला. डाव्या हाताला तुझं टेबल आहे. काम आहे कारकिर्दींचंच. आमच्या डायरेक्टर लोकांची पुस्तिका करायचीय, जरा उंची देऊन."